न विचारता भरलेलं उत्तर

परळच्या एका ऑफिसात मी एपीआयची डॉक्युमेंट्स लिहिते. आमचं सॉफ्टवेअर लॅब आणि दवाखाने वापरतात. त्यांच्या कॉम्प्युटरने आमच्या कॉम्प्युटरला कुठली माहिती कशी पाठवायची, याचे नियम या डॉक्युमेंटमध्ये असतात. प्रत्येक रकान्यासमोर एक उदाहरण द्यायचं असतं आणि गरज असेल तिथे डिफॉल्ट. उदाहरण फक्त दाखवण्यापुरतं. डिफॉल्ट मात्र खरंच लागू होतं. समोरच्याने काही पाठवलं नाही, की मशीन तेच त्याचं उत्तर समजून पुढे जातं.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटल ऑफिसपासून चालत जाण्याएवढं जवळ, त्यामुळे मी दुपारच्या सुट्टीत तिच्याकडे जायचे. ऑपरेशन छान झालं होतं. फिजिओथेरपिस्ट तिला वॉकर धरून खोलीत चालवायची. पण आई दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. ताटातली दुधीची भाजी आणि मुगाची खिचडी अर्धी तशीच राहायची.

"जेवत का नाहीस?" मी विचारलं.

"जेवते की."

"हे काय जेवणं झालं?"

तिने ताट बाजूला सरकवलं. मग शेजारच्या पलंगावरच्या बाई वॉर्डात फेरी मारायला गेल्या, तेव्हा तिने माझा हात धरला. "खरं सांग. डॉक्टरांनी तुला काही सांगितलंय का माझ्याबद्दल?"

"काय सांगणार? टाके सुकतायत म्हणाले."

"मग त्या बाईला रोज उकडलेलं अंडं येतं, सूप येतं. तिचंही गुडघ्याचंच ऑपरेशन. मला एकदाही नाही. माझंच का बंद केलंय?"

तिच्या मनात काय चाललंय ते मला तेव्हा कळलं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात आधी मीठ बंद झालं होतं, मग मासे बंद झाले. आजाराचं नाव तिला सगळ्यांच्या शेवटी समजलं. आम्ही सगळे घोडपदेवच्या आमच्या दोन खोल्यांत तिच्याभोवती वावरत होतो आणि कुणीच बोलत नव्हतो. आता ताटात अंडं नाही एवढ्यावरून तिने पुढचं सगळं गृहीत धरलं होतं, आणि मला त्रास नको म्हणून इतके दिवस विचारलंही नव्हतं.

मी आहारतज्ज्ञ बाईंना बोलावून आणलं. तरुण मुलगी होती, हातात टॅब. तिने स्क्रीनवर बोट फिरवलं.

"आजी व्हेज आहेत ना? सिस्टीममध्ये तसंच आहे."

आई माझ्याकडे वळली. "माका कोणी इचारल्यान?" मग त्या मुलीला म्हणाली, "अगो, आम्ही कोकणातली माणसं. सोमवार सोडला तर आमच्याकडे व्हेज कोण खातं?"

मुलगी ओशाळली. "अ‍ॅडमिट करताना कुणी काही निवडलं नाही, तर आपोआप व्हेज येतं. मी आत्ता बदलते."

"म्हणजे डॉक्टरांनी बंद नाही केलं?"

"नाही हो आजी! तुम्हाला तर प्रोटीन हवंय."

आई हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती पदराने पुसत बसली. त्या मुलीला काही समजेना. मी तिला नुसतं थँक्यू म्हटलं. दुसऱ्या दिवशी अंडं आलं. आईने वरून मीठ मागून घेतलं.

घरी आल्यावर मी तिला डिफॉल्ट म्हणजे काय ते सांगितलं. ती पायावर बर्फाची पिशवी ठेवून ऐकत होती.

"म्हणजे मी गप्प राहिले, तर मशीन माझ्या वतीनं बोलणार?"

"हो."

"आणि ते काय बोललं, ते मला कळणार कसं?"



त्याच सुमारास ऑफिसात रक्ततपासणीच्या डॉक्युमेंटची नवी आवृत्ती तयार होत होती. त्यात 'उपाशीपोटी' असा एक रकाना होता. डिफॉल्ट 'हो'. लॅबने काही पाठवलं नाही, तर रिपोर्टवर सरळ उपाशीपोटी असं छापून जायचं, माणूस वडापाव खाऊन आलेला असला तरी. मी आमच्या टीम लीडला म्हटलं, "हे डिफॉल्ट काढू या."

"अगं, मग रकाना रिकामा आला की रिपोर्ट अडकेल. क्लायंट ओरडतील."

"तर तिसरा पर्याय ठेवू. 'विचारलं नाही'. रिपोर्टवर तसंच छापू दे."

तो खुर्चीत मागे रेलला. "असं कोण छापून घेईल?"

मी त्याला आईची गोष्ट सांगितली. एरवी तो मीटिंगमध्ये घरगुती गोष्टी फार ऐकून घेत नाही. ही त्याने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "लिही."

उदाहरणंही मी नव्याने लिहिली. लोक नियम कमी वाचतात, उदाहरण उचलून चिकटवतात. म्हणून तिन्ही उत्तरांचं एकेक उदाहरण दिलं. आवृत्ती बाहेर पडल्यावर दादरच्या एका लॅबमधून फोन आला. 'विचारलं नाही' छापल्यामुळे त्यांची चूक दिसते, अशी त्यांची तक्रार होती. लीड शांतपणे म्हणाला, "मग काउंटरवर विचारत जा ना." थोड्या दिवसांनी त्यांच्याकडून ते उत्तर येणं बंद झालं. ते विचारायला लागले होते.

त्यानंतर आम्ही दोघांनी जुने सगळे डिफॉल्ट एकेक करून तपासायला घेतले. पेशंटला मेसेज कुठल्या भाषेत पाठवायचा, या रकान्यात डिफॉल्ट इंग्रजी होतं. मी उत्साहाने म्हटलं, "इथे मराठी करू या."

"कशावरून?" तो म्हणाला. "शीव कोळीवाड्यातल्या दवाखान्यात पंजाबी येतात, तमिळ येतात. त्यांना कोणी विचारलं?"

मला थोडं लागलं. मनातून मराठी हवीच होती. चहा संपेपर्यंत मी वाद घातला, पण त्याचं म्हणणं खोडता येईना. शेवटी डिफॉल्टचा रकाना पुसला आणि खाली एक ओळ लिहिली: पेशंटला विचारून भरावे.