बोदवड सांग, भुरी!

आमच्याकडे पापड लाटायला बायका जमल्या की पहिले चार पापड होईस्तोवर सगळ्या गप्प. मग एखादी पोळपाटावरनं मान न उचलता म्हणतेच, "अक्का, ते तुरुंगातलं सांगा ना!" एक सांगितलं की त्याच्या पदराला धरून दुसरं येतं. पीठ संपतं, किस्से संपत नाहीत. लोकांना वाटतं, मी तिथे हाल सोसले. सोसले ना! पण तिथे भेटल्या तशा बायका मला बोदवडच्या अख्ख्या गल्लीत भेटल्या नाहीत.

*

बेचाळीस साली झेंडा घेऊन बाजारातून निघालो म्हणून आम्हाला धरलं. साहेबापुढे उभं केलं. साहेब तसा मऊ. म्हणाला, "बाई, माफी मागा आणि घरी जा. चूल वाट बघत असेल."

मी म्हटलं, "चुलीपाशी नवरा आहे. माफी कशाची मागू?"

नवरा दारातच उभा होता. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याला साधा चहा येत नव्हता! सहा महिन्यांनी सुटून आले तर गडी भाकरी थापत होता, तीही गोल. सरकारचा तेवढा एक उपकार मी मानते!

*

धुळ्याच्या तुरुंगात बायकांची बॅरेक एकच. झेंडेवाल्या, चोरीवाल्या, दारूवाल्या, सगळ्या एका रांगेत. माझ्या शेजारी भुरी. साक्रीकडच्या डोंगरातली. सरपण तोडताना जंगलाच्या गार्डाने तिची कुऱ्हाड ओढली, तर हिने तिचाच दांडा त्याच्या टाळक्यात घातला!

तिने मला विचारलं, "तू काय चोरं?"

"काही नाही. झेंडा घेऊन चालले."

"काहीच न चोरता उनी? मंग तू तं याडीच शे!"

जेवणाआधी गिनती असायची. आमच्यावरची पहारेकरीण चंद्राबाई एकेकीकडे बोट करून मोजायची आणि शेवटी ओरडायची, "बठ्ठ्या शेतस! बसा!" म्हणजे सगळ्या आहेत, आता बसा. त्याआधी जी बसेल तिची भाकर गेली. मला काय ठाऊक? पहिल्याच दिवशी मी ऐटीत बसले. माझी भाकर गेली.

भुरीने आपली मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. "खाय. आनि उद्यापासून उभी राह्य, याडी!"

*

बॅरेकमध्ये गाणं म्हणायला बंदी. पण जात्यावरच्या ओव्यांना कोण अडवणार? आम्ही झेंड्याचं गाणं ओवीच्या चालीत बसवलं आणि दळायला लागलो. चोरीवाल्यांचा गळा तर आमच्याहून गोड.

चंद्राबाई आली. "हाई कोनतं गानं शे?"

"माहेरचं!" सगळ्या एका सुरात.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्हना बठ्ठासनं माहेर एकच शे का?"

जातं चालू राहिलं. ती पायाने ताल धरून गेली!

*

नीट वागलं की शिक्षेत सूट मिळायची. भुरीला ती मिळणार होती. आम्ही सगळ्या खूश. आणि त्याच दिवशी या बाईने पाण्याचा माठ उचलून सगळ्यांदेखत फोडला! सूट रद्द.

मी तिला फाडून खाल्लं. "डोकं फिरलं का तुझं?"

"सुटीसन कोठे जाऊ?" ती म्हणाली. "नवरानी दुसरी करी. भाऊ दारात उभी करत नही. आठे भाकर शे, तुम्ही शेतस."

मी म्हटलं, "बोदवडला ये. माझ्या घरी."

"तुन्हा घरना हाकली देतीन."

"हाकलू देत की! मी आहे ना!"

*

भुरी कधी आगगाडीत बसली नव्हती. म्हणून आम्ही बॅरेकमध्येच आगगाडी केली. मी इंजिन, चोरीवाल्या डबे, एकमेकींचे पदर धरून. कोपऱ्यातला नवा माठ म्हणजे चाळीसगाव, तिथे गाडी बदलायची. खिडकी जळगाव, जातं भुसावळ, तिथेही बदलायची. दरवाजा बोदवड. भुरी दर वेळी भुसावळलाच चुकायची आणि जात्याला वळसा घालून परत माठाकडे!

सुटणाऱ्याला तुरुंगातून घरापर्यंतचं तिकीट मिळायचं. "साहेबाने घर कुठलं विचारलं तर काय सांगशील?" मी रोज विचारायची.

ती नुसती दरवाजाकडे बघायची.

"बोदवड सांग, भुरी!"

मी तिच्याआधी सुटले. निघताना पुन्हा विचारलं. तेव्हाही तिने नुसती मान खाली घातली.

*

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचा रोट करायचा. तो खायचा फक्त भाऊबंदांनी. परक्याला घासही द्यायचा नाही. आमचे सासरे, आबा, याबाबतीत फार कडक.

मी सुटले त्या वर्षी सगळी पानावर बसली होती. मी वाढत होते. दारात सावली पडली म्हणून बघितलं, तर भुरी! हातात गाठोडं, घामाने डबडबलेली.

"भुसावळले चुकनू," ती म्हणाली. "पन उनू."

घरात सगळ्यांचे हात थांबले. आबांनी विचारलं, "ही कोन हाये? रोट भाऊबंदांचा असतो, ठाऊक हाये ना तुले?"

"आहे ठाऊक. ही माझी भाऊबंद."

"बाईले कुठून आले भाऊबंद?"

"तुरुंगातून!"

आबा माझ्याकडे बघत राहिले. नवऱ्याने मान ताटात घातली. भुरी मागे वळायला लागली, तशी मी तिचा दंड धरला, पाट मांडला, रोट वाढला. पण भुरी बसेना. पाटाशी ताठ उभी.

"बस की गं!"

"गिनती?" ती हळूच म्हणाली.

आबांनी विचारलं, "काय म्हनते ती?"

"मोजल्याशिवाय जेवायची सवय नाही तिला, आबा."

आबांनी हातातला घास खाली ठेवला. उठले. बोट करून पंगतीतलं एकेक माणूस मोजायला लागले. थोरला, धाकटा, पुतणे. शेवटच्या पाटाशी आले. बोट जरा थांबलं. मग भुरीकडे वळलं.

"सगळे हायेत," आबा म्हणाले. "बस, पोरी."