मेश्राम बाईंचा तीन शाळांचा जिल्हा

माझ्या रविवारच्या ऑनलाइन मराठी वर्गात अद्वैत नावाचा एक विद्यार्थी नेमाने हजर असायचा. कॅमेरा बंद, माइक बंद, पण गैरहजेरी नाही. बाकीची मुलं हळूहळू गळायची, हा शेवटपर्यंत टिकायचा, म्हणून मी त्याचं सगळ्यांसमोर कौतुकही करायचो. एका रविवारी त्याच्या चौकोनातून अचानक खणखणीत बायकी आवाज आला, "साहेब, पोरांना बोलू द्या न जी. मघापासून तुम्हीच बोलून राहिले!" अद्वैत तेव्हा दोन महिन्यांचा होता. त्याच्या नावानं माझ्या वर्गात बसून त्याची आजी, म्हणजे मेश्राम बाई, माझी तपासणी करत होत्या.

बाई भंडारा जिल्ह्यात मुख्याध्यापिका होत्या. गटशिक्षणाधिकारी व्हायची त्यांची फार इच्छा, पण शालेय प्रशासनाची वरची पदवी नव्हती. त्यामुळे दर वेळी खुर्ची दुसऱ्याला मिळायची आणि सत्काराला हार घालायची पाळी बाईंवर यायची. "हार घालून घालून माझे हात लांब झाले बाप्पा," त्या म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी हट्टानं त्या पदवीला नाव घातलं. गावाकडच्या सहा शाळा चालवणाऱ्या एका संस्थेनं त्यांना प्रशासकाची जागा कबूल केली, अट एकच, पदवी. लेखी परीक्षा झाल्या. उरलं होतं प्रत्यक्ष काम. एका प्रशासनाखालच्या अनेक शाळा वर्षभर सांभाळायच्या आणि मग वरिष्ठांना सोबत घेऊन तोंडी परीक्षा द्यायची. तेवढ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी बाई इकडे नेदरलँड्समध्ये, टिलबर्गला आल्या आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. ते वर्ष हुकलं असतं तर नोंदणी रद्द, आणि केलेला सगळा अभ्यास पाण्यात.

दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावून बसलं असतं. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. आमच्या मराठी मंडळाचे तीन वर्ग होते: ॲमस्टरडॅममधलं बुइटनव्हेल्डर्ट, युट्रेख्ट आणि टिलबर्ग. बाईंनी आपल्या मार्गदर्शकांना कळवून टाकलं की मला परदेशात तीन शाळांचा जिल्हा मिळाला आहे. काळच असा होता की त्यांनीही मान डोलावली. वरिष्ठ म्हणून नाव लागलं मंडळाच्या सचिवाचं, म्हणजे माझं. माझं वय एकतीस, आणि प्रशासनाचा अनुभव घरातल्या वायफायपुरता. त्या दिवसापासून माझ्या आईहून मोठ्या असलेल्या या बाई मला 'साहेब' म्हणू लागल्या आणि मी त्यांना चळाचळा कापू लागलो.

त्यांच्या तपासणीची बातमी फुटली की आमची माणसं, ॲमस्टरडॅममध्ये राहत असली तरी, जे करायचं तेच करत. बुइटनव्हेल्डर्टच्या शिक्षिकेनं आपल्या पाठीमागच्या भिंतीवर सुविचार लिहिला, मुलांकडून उत्तरं घोटून घेतली आणि प्रत्येक लॅपटॉपच्या आड एकेका आईला बसवलं. मेश्राम बाईंनी पहिला प्रश्न विचारला. सगळ्या मुलांनी स्क्रीनच्या वरून कुठंतरी पाहत एकसुरात उत्तर दिलं.

"छान!" बाई म्हणाल्या. "आता आईलाच इकडून बसवा. पाठ तिचा चांगला झालेला दिसते."

टिलबर्गची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तिथं मुलं उरली होती तीन. मराठी समजायचं, पण उत्तर यायचं डचमध्ये. नऊ वर्षांची ईरा तर कॅमेऱ्यासमोर आपलं टेडी बसवून निघून जायची. पालकच म्हणाले, राहू द्या. मीही वैतागलो आणि साहेबी थाटात बाईंना ईमेल लिहिली: टिलबर्गचा वर्ग या महिन्यापासून बंद करावा. बाईंचं उत्तर लगेच आलं, "आदेश शिरसावंद्य."

त्यांनी तो वर्ग बंद केला नाही. लॅपटॉप तेवढा बंद केला. बाहेर, मोकळ्या हवेत, लहान मुलांना एकत्र यायला तेव्हा परवानगी होती. बाईंनी लेकीची सायकल काढली, तिघांना बागेत बोलावलं आणि सांगितलं, "मला सायकल शिकवा. पण मराठीत. मला दुसरं काही समजत नाही."

इथल्या बऱ्याच सायकलींना ब्रेक लावायला पायडल उलटं फिरवावं लागतं. ईरा डचमध्ये ओरडली की बाई प्रसन्न चेहऱ्यानं थेट झुडपात. "काय म्हणाली गं? समजलं नाही." दुसऱ्यांदा झुडूप. तिसऱ्यांदा ईरा जिवाच्या आकांतानं किंचाळली, "आजी, पाय मागे फिरव! मागे!" आणि सायकल थांबली. पुढच्या रविवारी ती 'तोल', 'वळण', 'सांभाळून' हे शब्द आईला विचारून आली होती. उन्हाळ्यापर्यंत तिघांची अकरा झाली. मला हे सगळं कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओतून कळलं, आणि मी न पाहिल्यासारखं केलं.

तोंडी परीक्षाही ऑनलाइनच. समोर तीन परीक्षक, अध्यक्ष देशकर सर. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "सचिव महोदय, प्रशिक्षणार्थीनं तुमचे आदेश पाळले का?"

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर बाईंचं वर्ष गेलं. मी घोटाळत असतानाच बाई बोलल्या.

"नाही जी. वर्ग बंद करा म्हणून साहेबांचा लेखी आदेश होता. मी नाही केला." आणि त्यांनी सायकलची सगळी कथा झुडपांसकट सांगितली.

देशकर सरांनी चष्मा काढला. "मेश्राम बाई, मी तुमच्या तालुक्यात विस्तार अधिकारी होतो. तुम्ही भर पावसात सायकल मारत शाळेत यायच्या, मी जीपमधून पाहिलंय. तुम्ही काय झुडपात पडणार?"

मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. बाई पहिल्यांदाच जरा लाजल्या.

"सायकल येते जी. पण ज्याला सगळंच येते, त्याच्यासमोर पोरगं तोंड काहून उघडेल? मास्तरला एक तरी गोष्ट येऊ नये."

मला बाईंचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मग देशकर सर माझ्याकडे वळले. "वरिष्ठ म्हणून सांगा. लेखी आदेश मोडणाऱ्यावर काय कारवाई करावी?"

"बढती, सर," मी म्हणालो.

बाई पास झाल्या. विमानं सुरू झाल्यावर पहिल्या संधीला त्या आपल्या सहा शाळांकडे निघाल्या. स्किपोल विमानतळावर मी त्यांची बॅग ढकलत होतो.

"सायकलचं पोरांना सांगायचं नाही, साहेब. हा माझा आदेश समजा."

"आणि नाही पाळला तर?"

"तर तुम्हाला बढती देणारं कोणी नाही," त्या म्हणाल्या आणि मागे वळून न बघता आत गेल्या.

ईरा आता चांगली उंच झाली आहे. टिलबर्गच्या वर्गात ती लहान मुलांना शिकवते. नवं मूल बुजून गप्प बसलं, की ती त्याच्याशेजारी बसते आणि अस्खलित, जराशा वैदर्भी वळणाच्या मराठीत सांगते, "घाबरतो काहून? मी तर एका हेडबाईंना सायकल शिकवली. त्यांना काहीच येत नव्हतं, काहीच!" मग साक्षीसाठी माझ्याकडे पाहते. "हो की नाही, काका?"

"हो जी," मी म्हणतो.