अंथुर्ण्याची माती

बारामतीत कुठल्याही वरातीत डीजे लागला की ते गाणं येतंच. ‘बारामतीची माती माझ्या टाचंला गं, धुतली तरी जाईना.’ पोरी नाचतात, नवरदेवाचे मित्र नाचतात आणि माझ्या मस्तकात तिडीक जाते. कारण ती माती बारामतीची न्हाय, अंथुर्ण्याची हाय. ते गाणं माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, माझ्या हळदीत रचलं.

आमच्याकडं हळदीच्या गाण्यात कडव्याकडव्याला नवरीच्या गावाचं नाव घेतात. उद्यापासनं तिला सासरच्या गावानं ओळखणार, म्हणून त्या दिवशी माहेरचं नाव पोटभर घ्यायचं. अक्का अंथुर्ण्यात शिवणकाम करते, पण गावातली एक हळद तिच्या गाण्याशिवाय झाली नव्हती. माझ्या हळदीत ती गायली आणि आई पदरात तोंड घालून रडली. नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ आला होता. तो बारामतीला ऑर्केस्ट्रात गातो. मोबाईल वर धरून उभा होता. मला वाटलं, दिराला कौतुक हाय.

पुढच्या लग्नसराईत गाणं यूट्यूबवर आलं. गीतकार तोच, गायक तोच. अंथुर्ण्याच्या जागी बारामती कोंबली, म्हणून तिथं चाल अजून अडखळते. जाब विचारला तर म्हणाला, ‘वहिनी, अंथुर्णं कुणाला ठाऊक हाय? बारामती म्हटलं की गाणं चालतं.’ नवरा म्हणाला, ‘जाऊ दे, घरातलाच हाय.’ घरातला चोर असला की कुत्रं पण भुंकत न्हाय.

माझं सोडा. गावात पुढच्या हळदीला अक्का गायला लागली तर पाहुणी आलेली एक बाई हसत म्हणाली, ‘यूट्यूबवरचं उचललंस व्हय गं? गाव तेवढं बदललंस.’ अक्का अर्ध्या कडव्यात खाली बसली. नंतर कुठूनही बोलावणं आलं की घसा बसलाय म्हणायची. शिलाई मशीनवर गुणगुणायची, ते पण थांबलं. तेव्हाच मी ठरवलं, ह्याला सोडायचा न्हाय.

मग त्याचंच लग्न ठरलं. मुलगी निमगाव केतकीची. भटजींची मंगलाष्टकं झाली की आमच्यात माईक नातेवाइकांच्या हातात येतो, ज्याला हौस त्यानं म्हणावं. मी नाव दिलं. मामी, म्हणजे त्याची आई, खूश, सून हौशी म्हणून. अक्का मात्र तयार होईना. ‘लग्नात विघ्न नको गं,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘विघ्न कशाचं? आशीर्वादच द्यायचाय. न्हाय आलीस तर माझं माहेर तुटलं समज.’

मांडव भरलेला. अंतरपाट धरलेला, अलीकडं तो हार घेऊन उभा. ‘सावधान’ म्हणेपर्यंत नवरदेवाला हलता येत न्हाय. मी माईक घेतला आणि अक्काच्या हातात दिला. त्याचा चेहरा तिथंच पडला.

पहिलं कडवं आशीर्वादाचं झालं. दुसऱ्यात तिनं मंगलाष्टकाच्या चालीत अंथुर्ण्याची माती आणली. निमगावच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अंथुर्ण्याहून निमगावात दिलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘आगं, हे तर आपल्या अक्काचं गाणं.’ शेवटचं कडवं अक्कानं त्याच्याकडं बघत म्हटलं: ‘हळदीतून माती नेली, सुखानं न्या, गावाचं नाव तेवढं परत द्या, कुर्यात सदा मंगलम्.’ आणि सगळ्या मांडवानं अक्षता टाकल्या. त्याच्या डोक्यावर पडलेली एकेक अक्षता मी डोळे भरून बघितली. खोटं कशाला बोलू, माझ्या स्वतःच्या लग्नात मला एवढं सुख झालं नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत तो माझ्यापाशी आला. ‘वहिनी, ही काय लग्नात करायची गोष्ट झाली?’

‘मग तू केलीस ती काय हळदीत करायची होती?’

यूट्यूबवर त्यानं अजून काही बदललेलं न्हाय. अक्का मात्र परत हळदीला जाते. मागच्या आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. तिला मुलगी झालीय. म्हणाली, ‘बारशाला पाळणा अक्कांनीच म्हणायचा. माझ्या पोरीला खरं गाणं ऐकू दे.’ अक्का मशीनवर बसून कडवी जुळवतीय. मी विचारलं, अंथुर्ण्याचं नाव कुठल्या कडव्यात? म्हणाली, ‘सगळ्याच.’