आकाशपाळण्यातली धडधड

आकाशपाळण्यातून उतरल्या उतरल्या लग्नाला होकार देणारी मूर्ख मुलगी मीच. बघण्याचे पोहे खाऊन झाल्यावर मोठ्यांनी आम्हा दोघांना जत्रेत धाडलं होतं, जरा बोलून घ्या म्हणून. बोलणं कसलं! पाळणा वरून सुटला की पोटात गोळा यायचा, कानशिलं तापायची, छाती धडधडायची. मला वाटलं, हेच ते प्रेम! त्यात हे म्हणाले, "अजून एक फेरी मारू." मी विरघळलेच.

आज खिडकीतून समोरच्या मैदानातला पाळणा दिसतोय. खाली येताना एक मुलगी शेजारच्या मुलाचा दंड घट्ट धरते. बाई गं, जमिनीला पाय टेकू दे, मग नाडी बघ! माझा तर या हृदयावरचा विश्वासच उडालाय. लिफ्ट सुटली तरी ते धडधडतं, एसटी खड्ड्यांतून गेली तरी रक्त कानांत वाजतं. त्याला वेग कळतो, हादरा कळतो. माणूस कळतो का, कोण जाणे.

लग्नानंतर वर्षभराने हा संशय मी ह्यांना बोलून दाखवला. हे मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "अगं, म्हणून तर दुसऱ्या फेरीचं तिकीट काढलं होतं!"