मडमेचा उलटा काष्टा

ठाण्याचा पोरगा ट्रेनवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनातल्या मनात दरवाजाजवळ सरकलात ना? बसा निवांत. माझी ट्रेन सॅटिनची आहे आणि तिच्यावर मोर आहे.

गाऊनच्या मागे जमिनीवर लोळत जाणारं जे लांब शेपूट असतं, त्याला ट्रेन म्हणतात. हे मला आईने सांगितलं आणि आईला मोबाइलने. आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत गणपतीत नाटक असतं. त्यात मी वर्षानुवर्षं नऊवारीतली खाष्ट सासू करत आलेलो, कारण आवाज काढायचे म्हटलं की सगळे माझ्याकडेच बघतात. यंदा बढती मिळाली. इंग्रजांच्या काळातलं नाटक, आणि गावची विहीर बघायला आलेली कलेक्टरची मडम मी.

आई घरी फॉल-पिको करते. गाऊन मीच शिवणार, असं तिने जाहीर करून टाकलं. त्यामागे गणित होतं. बी विंगमधल्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलेलं. रिसेप्शनला तिला असाच लोळता गाऊन हवा होता आणि काकू म्हणालेल्या, नाटकात बघते तुझं काम, मग ठरवू. म्हणजे मी मडम नव्हतोच, आईचं शोकेस होतो.

तिने कल्याणहून क्रीम कलरचं सॅटिन आणलं. जुन्या मडमांचे फोटो बघून गळ्याला चिकटणारी लेसची कॉलर केली, कंबर पट्ट्याने अशी आवळली की मला मोदक बंद. आणि ट्रेनभर रेशमाने साखळी टाक्याचा मोर. मी म्हटलं, आई, इंग्लंडला मोर नसतात. सुई न थांबवता ती म्हणाली, "मग इथून नेला असेल. बाकी काय सोडलं त्यांनी?"

स्टेजच्या मधोमध आल्यावर मी सावकाश पाठ फिरवायची, म्हणजे मोर पब्लिकसमोर पसरेल, हे तिने दिग्दर्शकाकडून कबूल करून घेतलेलं. मला वेगळी ताकीद होती, ट्रेनला पाण्याचा थेंब लागता कामा नये. काकू पहिल्या रांगेत, आई विंगेत.

मी मान ताठ करून आलो. वळणार, तेवढ्यात मडमेचे पाय धुवायला आलेल्या पाटलाच्या हातून तांब्या सुटला. पाणी थेट मोराकडे. डोकं चालायच्या आत हात चालले, इतक्या वर्षांची सासू होती ना त्यांच्यात. वाकलो, ट्रेन पायांमधून पुढे ओढली आणि पोटावरच्या पट्ट्यात खोचली. काष्टा मागे खोचतात, हा उलटा. मोराची मान पट्ट्यात, पिसारा दोन गुडघ्यांत. आणि तोंडातून मडमेच्या 'टुम लोग'ऐवजी सासूच बाहेर आली, "फरशी पूस आधी, मेल्या."

पब्लिक असलं फुटलं की पाटील खरंच पुसायला बसला. मग काय, उरलेलं अख्खं नाटक मी तसंच केलं. कलेक्टरची मडम काष्टा मारून विहिरीवर भांडली आणि जिंकलीसुद्धा.

नंतर काकू डोळे पुसत आत आल्या. एवढी ओढाताण होऊनही शिवण कुठे उसवलीय का, हे त्यांनी स्वतः खेचून बघितलं आणि मुलीच्या गाऊनचं काम आईला दिलं. फक्त ट्रेन साधी हवी म्हणाल्या, मोर नको, नाहीतर नवरी स्टेजवर चढली की लोकांना काष्टावाली मडमच आठवेल.

मी आईकडे हिरोसारखा बघत होतो. काकू जाईपर्यंत ती गोड हसली. मग माझ्या पट्ट्यातून मोराची मान सोडवता सोडवता सुरू झाली. मी मधेच म्हटलं, थेंब नको असं तूच म्हणालेलीस.

"भिजला असता तर वाळवला असता ना, गधड्या. काम शिवणीमुळे मिळालंय, तुझ्या माकडचेष्टांमुळे नाही. मोर मी लोकांनी बघावा म्हणून काढलेला, तुझ्या पोटाला वारा लागू नये म्हणून नाही. उद्या आरतीला हाच गाऊन घालायचा आणि सगळ्या विंगांसमोरून फिरायचं. पाठमोरा."