कटल्याच्या दिवशीची चतुर्थी

हातचा मासा सुटून गेल्याच्या गोष्टी सगळेच सांगतात. माझा सुटला नाही. चांगला पाच-सहा किलोचा कटला होता, आणि तो दिवस आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर लोणी काळभोरचा एक कारकून बसायचा. गळ टाकायला मला त्यानेच शिकवलं. दोन वर्षं दर रविवारी मी सदाशिव पेठेतून निघून लोणीची बस पकडायचो आणि आम्ही दोघं नदीच्या डोहावर बसायचो. बांबूची काठी, दोरा, गळाला कणकेची गोळी आणि दोऱ्यावर मोरपिसाच्या देठाचा बोटभर तुकडा. माशाने गोळीला तोंड लावलं की तो तुकडा पाण्यावर डुलायचा. डुलला रे डुलला की मी काठी उपसायचो. "आरं, दम खा की! बुडू दे त्याला पुरता," तो खेकसायचा. ऑफिसात मी त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचो, इथे तो माझी अक्कल काढायचा. मजेत चाललं होतं आमचं.

त्या रविवारी त्याने आधीच बजावलं होतं, "आज घरी जेवायचं. पुण्याचा दोस्त येणार म्हणून आईनं अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय. तोंडावर पाडू नको." मी तोंड भरून हो म्हणालो.

आणि नेमका त्याच दिवशी मी दम खाल्ला. पिसाचा देठ पुरता बुडाला, मी काठी उचलली आणि ती कमानीसारखी वाकली. अर्धा तास कटल्याने आम्हा दोघांना चिखलात नाचवलं. शेवटी त्याने कमरेएवढ्या पाण्यात शिरून मासा कवेत घेतला. आम्ही वेड्यासारखे ओरडत होतो.

दुपारी त्याच्या घरी पाट मांडले होते. रश्शाचा वास सुटला होता. शेजारच्या दोन बायका दारातून डोकावत होत्या. मासे खात नाही म्हणायची सोय नव्हती, कारण महिन्यापूर्वीच कॅम्पातल्या खाणावळीत आम्ही दोघांनी तळलेला मासा हादडला होता. त्याच्या आईने ताट पुढे ठेवलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मावशी, माफ करा. आज माझी चतुर्थी आहे."

"चतुर्थी? ती परवा झाली की, बाबा. माझाबी उपास असतो." म्हातारी मनापासून हसली. "इसरला आसशील. जेव आता बिनघोर."

माउलीने माझी सुटका केली होती. हसून "अरेच्चा!" म्हणायचं आणि पाटावर बसायचं, एवढंच उरलं होतं. मी म्हणालो, "आमचं पंचांग वेगळं आहे."

दारातल्या बायका आपोआप बाजूला झाल्या. म्हातारीने ताट उचललं आणि दोन केळी आणून दिली, "ही तरी चालतील ना?" मी ती पिशवीत टाकली. तो बसथांब्यापर्यंत आला. "खरं काय ते सांग. आमच्यात काय खोट हाय?"

"उपवास आहे म्हटलं ना!" मी उलट त्याच्यावरच डाफरलो. तो वळला आणि गेला. नंतर तो ऑफिसात कामापुरतं बोलायचा. लोणीची बस मी पुन्हा पकडली नाही.

सोवळंओवळं मी कधीच मानलं नव्हतं. पण तिथे जेवलो असतो तर आज ना उद्या त्याला आमच्या घरी जेवायला बोलवावं लागलं असतं, आणि आमच्याकडे त्याचं ताट वेगळं, पडवीत मांडलं गेलं असतं. त्यावरून माझ्या आईशी भांडायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून मी त्याच्या आईला खोटं पाडलं.