देवाने मोडलेला उपास

गाव मला उपासवाली म्हणायचं आणि मी ते म्हणू द्यायची, ही कबुली आधीच देते. खरं तर माझ्या पोटात अन्न टिकत नव्हतं. सकाळी खाल्लेलं संध्याकाळी तसंच उलटून पडायचं. घरच्यांच्या चौकशा नकोत म्हणून आज सोमवार, उद्या चतुर्थी, असं सांगत ताट मागे सारायची.

त्या वर्षी बीटी बियाणं असूनही आमच्या धामणगाव बढे भागात बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, पोखरली. लोकांना वाटलं, मी पिकासाठी व्रत धरलंय. शेजारच्या काकू दारात येऊन सांगायच्या, "माह्या वावराचंबी नाव घेजो, बाई." मी मान हलवायची. महादेवापुढे उभं राहायची लाज वाटे, तरी खरं बोलवत नव्हतं.

एकदा बांगड्या भरायला अनोळखी मुसलमान बाई आली. माझ्या नेहमीच्या मापाची बांगडी थेट कोपरापर्यंत सरकली. तिने हात सोडलाच नाही. "बहीण, हे उपासाचे हात नाहीत," ती हळूच म्हणाली. "माह्या बहिणीचंबी असंच होतं. खाल्लेलं ठरून नाही राह्यलं न?" मी रडत हो म्हटलं. तिची बहीण ज्या डॉक्टरांच्या उपचाराने सावरली, त्यांचं ठिकाण तिने सांगितलं. पुन्हा ती गावात दिसली नाही. महादेवानेच तिला पाठवलं असं मी मानते; कुणी हसलं तर हसो.

त्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं, साखरेच्या आजाराने माझं जठर मंदावलं होतं. औषधं लागू पडेनात, तेव्हा ऑपरेशन करून जठराला दोन तारा जोडल्या आणि कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ते विजेचे बारीक झटके देतं, मला जाणवतही नाहीत. उलट्या पार थांबल्या नाहीत, पण आता कधीमधीच होतात. मात्र डॉक्टरांनी बजावलं, दर दोन-तीन तासांनी थोडं खायचं आणि उपास कायमचे बंद. झाली पंचाईत.

श्रावणातल्या सोमवारी देवळात, सगळ्या बायकांदेखत, मी पातळ खिचडीचा डबा उघडला आणि सांगून टाकलं की माझे उपास खोटे होते, तुमच्या वावरांचं नाव मी कधी घेतलंच नाही. काकू पुढे आल्या. त्यांना बोंडअळीच्या वर्षी उभी पऱ्हाटी उपटून टाकावी लागली होती. मग त्यांनीच डबा माझ्यापुढे सरकवला.

"खाय न बाई. आमची पऱ्हाटी काय तुह्या पोटावर उभी हाय?"

मी खाल्लं, आणि ते पोटात राहिलं. देवाला काहीतरी देतेय असं दाखवण्यात माझी वर्षं गेली. आता तो वाढेल तेवढं हात जोडून खाते.